काळजी-केंद्राचा दर्जा कसा पारखावा? स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या कुटुंबीयांसाठी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या आपल्या माणसासाठी निवासी केंद्र पाहायला जातो, तेव्हा आपल्याला सर्वांत आधी इमारत दाखवली जाते. स्वच्छ फरशी, ओळीने लावलेल्या खाटा, थेरपीची खोली, मागची बाग पाहून जीव भांड्यात पडतो. त्यात गैर काहीच नाही, कारण वर्षानुवर्षे एकट्याने भार वाहिलेल्या आईवडिलांना कुणीतरी 'आता आम्ही आहोत' असे म्हणावे एवढीच आस असते. मात्र त्या फेरीत जे दिसत नाही तेच पुढे रोज घडणार असते. सकाळी त्याला कोण उठवणार, अंघोळीचे पाणी किती गरम हवे हे त्याला कोणी विचारणार का, आणि तो नको म्हणाला तर पुढे काय होणार, हे इमारतीवरून कळत नाही. माझ्या धाकट्या भावासाठी गेल्या काही वर्षांत मी बरीच केंद्रे पाहिली. त्याला मोजके शब्द बोलता येतात, त्यामुळे केंद्रातले दिवस कसे जातात हे तो घरी येऊन सांगू शकत नाही. जे तो सांगू शकत नाही ते आपण कसे पाहावे, हे मला हळूहळू आणि काही चुका करूनच समजले.

शब्दांविषयी एक खुलासा आधी करते. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक पुस्तिकांत 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात. मराठीत 'अध्ययन अक्षमता' म्हटले की वाचन, लेखन किंवा गणितातल्या अडचणी डोळ्यांसमोर येतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. या लेखात बौद्धिक अक्षमतेचाच विचार केला आहे. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच व्यक्तीत एकत्र असू शकतात, पण असतातच असे नाही.

प्रमाणपत्रावर किती विसंबावे

नोंदणी, परवाना, तपासणीचा अहवाल हे सारे मागावे आणि वाचावे. तपासणी कोणत्या तारखेची आहे, त्यात कोणत्या त्रुटी नोंदवल्या होत्या आणि त्या दूर केल्याचा पुरावा काय, हे विचारण्यात संकोच करू नये. पण तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या रुग्णांना कर्मचारीच मारहाण करत होते, त्यांचा छळ करत होते. २०११ मध्ये बीबीसीच्या वार्ताहराने छुप्या कॅमेऱ्याने ते टिपले, तेव्हा ते जगापुढे आले. त्याआधी तिथल्याच एका ज्येष्ठ परिचारकाने तक्रार केली होती, तरी नियामक संस्थेने तिची वेळीच दखल घेतली नव्हती. पुढे ११ जण दोषी ठरले आणि त्यांतले ६ जण तुरुंगात गेले. एवढे होऊनही २०१९ मध्ये त्याच देशात व्होर्लटन हॉल या दुसऱ्या रुग्णालयातले असेच चित्रण प्रसारित झाले, आणि त्या रुग्णालयाला सरकारी तपासणीत 'चांगले' असा शेरा मिळालेला होता.

हे सांगण्यामागे सर्वच केंद्रांविषयी संशय पेरण्याचा हेतू नाही. मनापासून काम करणारी माणसे मी खूप पाहिली आहेत. पण तपासनीस एक-दोन दिवस येतो, आणि जिथे नातेवाइकांचे येणे कमी असते, राहणाऱ्यांना बोलून सांगता येत नाही आणि तेच ते कर्मचारी एकमेकांना सांभाळून घेतात, तिथे बिघाड आतल्या आत वाढत जातो. म्हणून केंद्राचे दार बाहेरच्यांसाठी किती उघडे आहे, हे मी पहिल्या कसोटीत धरते. 'ठरलेल्या रविवारी, ठरलेल्या वेळेत, भेटीच्या खोलीतच भेटता येईल' असा नियम असलेल्या केंद्रात आपल्या माणसाची खोली, त्याचे स्नानगृह आणि त्याची जेवणाची जागा आपल्याला कधीच दिसणार नाही.

अर्धा तास एका कोपऱ्यात बसावे

शक्य असेल तर न कळवता जावे. वेळ घेऊनच यावे असा आग्रह असेल, तर संध्याकाळची पाळी बदलण्याची किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारची वेळ मागावी, कारण याच वेळी कर्मचारी कमी असतात आणि ठरलेला कार्यक्रम नसतो. फेरी मारून झाल्यावर, जिथे लोक बसतात त्या खोलीत अर्धा तास बसू देण्याची परवानगी मागावी. मनात एकाच व्यक्तीची निवड करावी आणि दर दोन-तीन मिनिटांनी तिच्याकडे पाहून स्वतःपुरती नोंद ठेवावी: या क्षणी ती काही करत आहे का, कोणी तिच्याशी बोलत आहे का, की ती नुसतीच बसून आहे? सेवांच्या दर्जाचा अभ्यास करणारे संशोधकही साधारण अशाच पद्धतीने निरीक्षण करतात. अर्ध्या तासात त्या व्यक्तीशी कोणी एक शब्दही बोलले नसेल, तर भिंतीवरच्या रंगीत वेळापत्रकात काय लिहिले आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

दोन केंद्रांत पाहिलेला एकच प्रसंग मला आजही आठवतो. एका ठिकाणी टेबलावर पाण्याचा जग होता. मदतनीस बाईंनी भराभर सहा ग्लास भरले, सहा जणांपुढे ठेवले, आणि काम संपले. दुसऱ्या ठिकाणी तसाच जग होता. तिथल्या मदतनीस बाई चाळिशीतल्या एका गृहस्थांच्या शेजारी बसल्या, जगाचा दांडा त्यांच्या हातात दिला आणि स्वतः फक्त बुडाला तळवा लावला. पाणी थोडे ग्लासात आणि थोडे टेबलावर गेले. फडके त्यांनी आधीच शेजारी ठेवले होते. गृहस्थांनी ते उचलले, टेबल पुसले, आणि मग दुसरा ग्लास भरायला घेतला. तीन-चार मिनिटे लागली असतील. ते फडके आधीपासून तिथे होते, यातच मला त्या केंद्राची कामाची रीत दिसली. पाणी सांडणार हे बाईंना ठाऊक होते आणि तरीही ग्लास त्या गृहस्थांनीच भरायचा, हे ठरलेले होते. अशा रीतीला इंग्रजीत 'ॲक्टिव्ह सपोर्ट' म्हणतात. ती १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या लहान निवासी घरांतून आकाराला आली. कामाचे छोटे तुकडे करावेत, ज्या तुकड्याला मदत लागते तिथेच आणि लागेल तितकीच मदत द्यावी, एवढे त्याचे मूळ सूत्र आहे. केंद्रचालकांना हे नाव माहीत नसले तरी चालेल, पण रीत माहीत असायला हवी.

तिथे बसलेले असताना भाषाही ऐकावी. पन्नाशीच्या माणसाला 'बाळ' म्हणतात का, त्याच्यादेखत त्याच्या शौचाच्या सवयींची चर्चा करतात का, खोलीत जाताना दारावर टकटक करतात का, 'याला उचल, त्याला भरव' अशी वाक्ये कानांवर येतात का, हे सारे पाच मिनिटांत कळते. पाहुणा समोर आहे म्हणून ते फार काळ लपवता येत नाही.

'तो नाही कसे म्हणतो?'

केंद्रात आधीपासून राहणाऱ्या, न बोलणाऱ्या एखाद्या व्यक्तीविषयी हा एक प्रश्न तिच्या मदतनिसाला जरूर विचारावा. माझ्या अनुभवात याइतका उपयोगी प्रश्न दुसरा नाही. चांगल्या केंद्रात उत्तर नेमके मिळते: 'तो ताट दूर सारतो', 'स्नानगृहाच्या दारात पाय रोवून उभा राहतो', 'डाव्या हाताने कान झाकतो, मग आम्ही थांबतो'. त्यातले 'मग आम्ही थांबतो' हे शब्द नीट ऐकावेत. 'तिला काही कळत नाही', 'तो सगळ्याला हो म्हणतो', 'नाही म्हणायची पद्धत नाही आमच्याकडे' अशी उत्तरे आली तर मी तिथून निघते.

संवादाची साधने कुठे ठेवली आहेत तेही पाहावे. चित्रांची कार्डे, संवादफलक किंवा बोलणारे टॅब्लेट कपाटात कुलूपबंद असतील आणि फक्त थेरपीच्या तासाला बाहेर निघत असतील, तर उरलेला दिवस त्या माणसाचे तोंड बंदच केल्यासारखे होते. टॅब्लेट चार्ज केलेला आहे का, हा साधा प्रश्नही बरेच काही सांगून जातो. स्वमग्न व्यक्ती एखादे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर त्यालाही बहुधा अर्थ असतो, आणि तो अर्थ कोणी शोधला आहे का हे विचारावे. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतात, हेही पाहावे, कारण अनेकांना ऐकलेले समजून घ्यायला आणि शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि दुसऱ्यांदा घाईने विचारले की पहिला धागाही तुटतो. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडले की इतर माणसे आणि स्वमग्न माणसे यांच्यातला समजुतीचा अभाव दोन्ही बाजूंचा असतो. केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी आपली बाजू सुधारायला हवी, ही अपेक्षा त्यामुळे अवाजवी ठरत नाही.

आवाज, प्रकाश, वास आणि स्पर्श यांचा त्रास हा चोचल्याचा भाग नाही. २०१३ पासून अमेरिकी निदान-निकषांतही स्वमग्नतेच्या लक्षणांत त्याचा समावेश आहे. दिवसभर लावलेला टीव्ही, फडफडणारी ट्यूबलाइट, जेवणाच्या खोलीतला भांड्यांचा आवाज यांतून बाहेर पडण्यासाठी शांत जागा असावी, तिचे दार आतून उघडता यावे, आणि शिक्षा म्हणून तिचा वापर कधीही होऊ नये. पुढे काय होणार हे राहणाऱ्यांना आधी कळावे म्हणून, आज रात्री पाळीवर कोण आहे हे फोटो लावून सांगणारा फळा दिसला तर चांगले लक्षण समजावे.

प्रकृतीची हेळसांड कशी ओळखावी

या बाबतीत कुटुंबीयांनी सर्वांत अधिक चिवटपणा दाखवायला हवा असे मला वाटते. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूंचा आढावा घेणारी राष्ट्रीय योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या अहवालांनुसार या व्यक्ती इतरांपेक्षा सुमारे २० वर्षे आधी जातात, आणि त्यांतले बरेच मृत्यू वेळेवर उपचार मिळाले असते तर टळण्यासारखे असतात. श्वसनमार्गात अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया, अपस्मार (फिट येण्याचा आजार) आणि चक्क बद्धकोष्ठता ही त्यामागची काही कारणे आहेत. यामागे एक सवय असते. दुखणे, जळजळ, ताप यांमुळे वागणे बदलले तरी 'हे असेच वागतात' म्हणून ते अक्षमतेच्या खात्यावर टाकले जाते.

माझ्या भावाच्या बाबतीत हेच घडले. तेव्हाच्या केंद्रात तो तीन आठवडे डाव्या गालावर मुठीने मारून घेत होता. नोंदवहीत रोज 'वर्तन बिघडले' एवढेच लिहिलेले होते, आणि शांत करणाऱ्या गोळीची मात्रा वाढवलेली होती. घरी आणल्यावर दंतवैद्याने तोंड उघडून पाहिले, तर मागच्या दाढेखाली पू झालेला होता. दाढ काढल्यानंतर चौथ्या दिवशी त्याचा हात गालाकडे जाणे थांबले. तीन आठवडे तो अगदी बोट ठेवून दुखरी जागा दाखवत होता, आणि मीसुद्धा फोनवर ऐकून घेत होते, ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

त्यामुळे वागण्यात बदल झाला की केंद्र सर्वप्रथम काय करते, हे विचारावे. दात, कान, पोट, लघवी, जखम आणि मासिक पाळी हे सारे आधी तपासतो असे उत्तर यायला हवे. शौचाची नोंद रोज ठेवली जाते का, वजन दरमहा घेतले जाते का, दृष्टी आणि श्रवण शेवटचे कधी तपासले, ते पाहावे. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची नियमित तपासणी हवी, आणि चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाच्या लक्षणांवर लक्ष हवे, कारण या व्यक्तींना तो लवकर गाठतो. अपस्मार असेल तर फिट किती वेळ चालली की कोणते तातडीचे औषध द्यायचे, हे रात्रपाळीच्या माणसालाही ठाऊक असले पाहिजे, आणि अशा व्यक्तीला टबात अंघोळीसाठी एकटे सोडले जाता कामा नये. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर घास कसा, किती मऊ आणि कोणत्या बैठकीत द्यावा, हे गिळण्याच्या तक्रारी जाणणाऱ्या वाचा-भाषातज्ज्ञाने लिहून दिलेले असावे. शिवाय इस्पितळात न्यावे लागले तर सोबत देता येईल असा एक कागद आपण स्वतःच तयार ठेवावा. त्यात त्याची औषधे, वेदना तो कशी दाखवतो, सुई टोचताना काय केल्याने तो शांत राहतो, आणि कोणाला फोन करायचा, एवढे लिहावे.

औषधांच्या यादीची प्रत मागण्याचा आपला आग्रह कोणालाही खटकू नये. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल या मनोविकारावरील औषधांना अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने अनुक्रमे २००६ आणि २००९ मध्ये मान्यता दिली, ती स्वमग्न मुलांमधल्या तीव्र चिडचिडेपणासाठी. मूळ स्वमग्नतेवर ती उपचार करत नाहीत, आणि त्यांनी वजन वाढते, सुस्ती येते. इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार बौद्धिक अक्षमता असलेल्या ३० ते ३५ हजार प्रौढांना, ज्या आजारासाठी ही औषधे असतात तो आजार नसतानाही, मनोविकारावरील औषधे रोज दिली जात होती, आणि पुढच्याच वर्षी ती कमी करण्याची मोहीम तिथल्या आरोग्य सेवेने हाती घेतली. म्हणून प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी, कधीपासून, कोणी सुरू केली आणि तिचा फेरविचार कोणत्या तारखेला होणार, ही चार उत्तरे लिहून घ्यावीत. मात्र घाबरून कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि हळूहळूच.

नोंदवहीतला 'अचानक'

धरून ठेवणे, बांधणे, खोलीत कोंडणे यांविषयी थेट विचारावे. 'आमच्याकडे असे कधी होतच नाही' या उत्तरापेक्षा, 'गेल्या वर्षी दोनदा झाले, ही त्याची नोंद' हे उत्तर मला अधिक विश्वासार्ह वाटते. त्या नोंदीत आधी काय घडले, कोणी धरले, किती मिनिटे, दुखापत तपासली का, आणि घरी त्याच दिवशी कळवले का, हे असावे. पालथे पाडून दाबून धरण्याने श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो, तेव्हा ही पद्धत तिथे शिकवली जात असेल तर त्या केंद्राचा विचार सोडून द्यावा.

नोंदी वाचताना 'अचानक' या शब्दावर नजर ठेवावी. 'अचानक चिडला', 'अचानक ओरडू लागली' असे पानोपानी लिहिलेले असेल, तर आधीच्या पंधरा मिनिटांकडे कोणाचे लक्ष नव्हते असा त्याचा अर्थ होतो. लक्ष असलेल्या ठिकाणी 'नेहमीची मदतनीस रजेवर होती, नवीन माणसाने न सांगता बूट काढले, तेव्हा तो ओरडला' असे लिहिलेले आढळते.

कर्मचाऱ्यांविषयी दोनच आकडे पुरेसे आहेत: गेल्या वर्षभरात किती जण सोडून गेले, आणि रात्री किती लोकांमागे किती जण जागे असतात. पगार कमी, पाळ्या लांबलचक आणि माणसे सतत बदलती असतील, तर उत्तम प्रशिक्षणही वाया जाते, कारण भावाच्या 'नाही'ची खूण ओळखायला शिकलेली व्यक्तीच उद्या नसते.

दाखल केल्यानंतर

पारखण्याचे काम दाखल करण्याने संपत नाही. वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी जावे, त्याच्या खोलीत बसावे, कपडे त्याचेच आहेत का, अंगावर वळ किंवा खूण आहे का, वजन घटले का, हे पाहून तारखेसह लिहून ठेवावे. बोलू न शकणाऱ्या माणसाचे मतही घेता येते. कर्मचाऱ्यांचे फोटो समोर ठेवून तो कोणता उचलतो, कोणत्या व्यक्तीच्या चाहुलीने अंग चोरतो, कोणाजवळ आपणहून जाऊन बसतो, हे पाहावे. सुरुवातीच्या महिन्यात घर सोडण्याचे दुःख असतेच, त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. पण पूर्वी येत असलेली कामे तो विसरू लागला, झोप उडाली, किंवा एका विशिष्ट पाळीच्या वेळीच तो अस्वस्थ होत असेल, तर ती वेळ आणि त्या वेळचा माणूस शोधून काढावा.

'तक्रार केली तर राग त्याच्यावर निघेल' ही भीती प्रत्येक कुटुंबाच्या पोटात असते, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. म्हणूनच इतर कुटुंबांशी ओळख दाखल झाल्या दिवसापासून करून घ्यावी, तक्रार दोघातिघांनी मिळून, लेखी आणि तारीख घालून द्यावी, आणि उत्तरही लेखी मागावे. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातल्या १६ व्या कलमानुसार अशा सेवांवर स्वतंत्र यंत्रणेची देखरेख असणे हे राज्यांचे कर्तव्य आहे, आणि १९ व्या कलमात कुठे आणि कोणाबरोबर राहावे हे निवडण्याचा हक्क दिलेला आहे. पत्रात ही कलमे लिहावीत, कारण त्यामुळे तक्रार 'नातेवाइकांची कुरकुर' म्हणून बाजूला सारणे कठीण होते. मारहाण, लैंगिक छळ किंवा उपाशी ठेवण्याचा संशय असेल तर मात्र पत्रव्यवहारात दिवस घालवू नयेत. आधी त्याला तिथून बाहेर काढावे, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि पोलिसांकडे जावे.

भाऊ आता दुसऱ्या केंद्रात आहे. सुट्टी संपवून त्याला सोडायला जाते तेव्हा मी फाटकापाशी मुद्दाम दोन मिनिटे रेंगाळते आणि पिशवी कोण घेते ते पाहते. जुन्या केंद्रात ती त्याच्या हातून काढून घेतली जाई आणि तो माझी ओढणी धरून ठेवी. इथला मदतनीस पिशवीचा पट्टा त्याच्यापुढे धरून थांबतो. कधी तो लगेच खांद्यावर घेतो, कधी पाच मिनिटे घेत नाही, आणि तोवर मदतनीस तिथेच उभा असतो. प्रत्येक वेळी किती मिनिटे लागली, ते मी माझ्या वहीत लिहून ठेवते.